जुना ट्रॅक्टर : आधी विचारा, तो राबला कुठं



कारखान्यांचे पट्टे पडले की आमच्या सांगोला, पंढरपूर, माळशिरस भागात जुन्या ट्रॅक्टरचा बाजार भरतो. रस्त्याच्या कडेला, पंपाच्या आवारात रांगेनं ट्रॅक्टर उभे असतात. धुतलेले, टायरला काळं पॉलिश मारलेलं, काचेला लिंबू-मिरची. गेल्या महिन्याभरात तिघांनी मला फोन केला, "दादा, बघितलाय एक, घेऊ का?" तिघांनाही मी एकच विचारलं, तो आधी राबला कुठं? तिघांनाही सांगता आलं नाही. मॉडेलचं साल पाठ, एचपी पाठ, मीटरचे तास पाठ, पण त्यानं आयुष्यभर काय काम केलं ते माहीत नाही. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहावं.

मीटरचं आधी सांगतो. जुन्या ट्रॅक्टरला केबलचं मीटर असतं. त्यातला एक तास म्हणजे इंजिन ठराविक आरपीएमवर फिरलं तर एक तास. हळू चाललं तर मीटर मागं राहतं. केबल तुटली तर मीटर थांबतं, आणि तुटलेली केबल जोडायची घाई कुणालाच नसते. मीटर बदलूनही मिळतं. त्यामुळं 3,200 तास दिसले म्हणून खूश होऊ नका. क्लचच्या पायडलचं रबर बघा, गिअरच्या दांड्याचा गोटा बघा, सीटखालचा पत्रा बघा. पायडलचं रबर जाऊन लोखंड चकाकत असेल आणि मीटर 3,200 दाखवत असेल तर दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि रबराला खोटं बोलता येत नाही.

आता कामाचं. एकाच सालाचे, एकाच मॉडेलचे तीन ट्रॅक्टर घ्या. एक उसाच्या वाहतुकीचा, एक द्राक्षबागेतला, एक भात चिखलणीचा. तिघांची दुखणी तीन ठिकाणी असतात.

उसाचा ट्रॅक्टर दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढून आलेला असतो. त्याचं इंजिन बऱ्याचदा ठीक असतं, कारण रस्त्यावर एका लयीत चालतं आणि धूळ कमी खातं. पण क्लच, मागचा क्राऊन, ब्रेक आणि हूक यांनी मार खाल्लेला असतो. हूकची पिन जिथं बसते ते भोक गोल आहे का लांबट झालंय ते बघा. लांबट झालं असेल तर ओझं किती ओढलं ते कळतं. मग खाली वाकून इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडतात ते बेल हाऊसिंग बघा, आणि मागच्या चाकाकडं जाणारे दोन्ही ट्रंपेट बघा. तिथं वेल्डिंगची रेघ किंवा फक्त तेवढ्याच जागी ताजा रंग दिसला तर पुढं काही बघायची गरज नाही. चहा घ्या आणि निघा.

नाशिककडचा बागेतला छोटा ट्रॅक्टर दिसायला देखणा असतो, टायर चांगले असतात, कारण तो रस्त्यावर येतच नाही. पण हंगामात तो रोज तासन् तास पीटीओवर ब्लोअर फिरवतो. म्हणून त्याचा पीटीओ शाफ्ट हातानं हलवून बघायचा, दाते झिजलेत का, सीलमधून ऑइल येतं का. औषधांच्या फवाऱ्यानं रेडिएटरची जाळी आणि वायरिंग खाल्लेलं असतं, बॅटरीच्या खालचा पत्रा कुजलेला असतो.

चिखलणीचा ट्रॅक्टर कोकणातून, भंडारा-गोंदियाकडून फिरत फिरत इकडं येतो. केज व्हील लावून चिखलात चाललेला. चिखल-पाणी सीलमधून आत शिरतं. मागचं गिअर ऑइल दुधासारखं दिसलं तर पाणी आत गेलंय. चाकाच्या रिमवर आतून गंज, पुढच्या हबमध्ये वाळलेली माती, ही त्याची खूण. तसा ट्रॅक्टर घेऊच नये असं माझं म्हणणं नाही, पण हब आणि ब्रेकचं काम करायचंच आहे असं धरून पैसे बोलायचे.

आणखी एक चौथा प्रकार आहे, वाळूचा. त्याबद्दल कागदाच्या वेळी बोलू.

ह्या वर्षी माझ्या भाच्याला ट्रॅक्टर हवा होता. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, ट्रॅक्टर थोरल्याकडं गेला, ह्याच्या वाट्याला 7 एकर रान आणि 3 लाख 70 हजार रुपये आले. नवीन घ्यायला बँकेचा हप्ता नको म्हणत होता. माझंही तेच मत पडलं, 7 एकराला नव्या ट्रॅक्टरचा हप्ता झेपत नाही, बाहेरचं भाडं किती मिळेल त्याचा भरवसा नाही. एक गोष्ट मात्र त्याला आधीच सांगितली. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आलाय. नवा स्वस्त झाला म्हणजे जुन्याचा भावही खाली आला पाहिजे, पण कडेला उभे असलेले एजंट अजून जुन्याच हिशेबानं बोलतात. समोरच्याला हे एकदा आठवण करून द्यायचं.

चार ट्रॅक्टर बघितले. पहिले दोन एजंटचे होते, दोन्ही नव्यानं रंगवलेले. मला रंगवलेला आणि धुतलेला ट्रॅक्टर नको असतो. धुळीचा ट्रॅक्टर खरं सांगतो. जिथं ऑइल गळतं तिथं धूळ काळी होऊन चिकटते, गळती नसेल तिथं कोरडी राहते. धुतल्यावर हे सगळं पुसलं जातं. तिसरा विजापूरकडून आलेला, कर्नाटकचं पासिंग, कागद "येतील आठ दिवसांत". तो सोडला. चौथा माळशिरस तालुक्यातल्या एका वाहतूकदाराचा. 2016 चं मॉडेल, 45 एचपी, आठ हंगाम उसाला लागलेला.

त्या माणसाची गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ओळखीची वाटेल. मुकादमाला टोळीसाठी उचल दिली, करार केला, आणि हंगामाच्या तोंडावर टोळी आलीच नाही. मुकादमाचा फोन बंद. उचल गेली, हंगाम अर्धा गेला, फायनान्सचे हप्ते थकले. घरात दोन ट्रॅक्टर होते, त्यातला एक काढायचा ठरवला. एजंटकडं न देता स्वतःच विकत होता. एजंटकडं दिला की 30-40 हजार मधेच जातात, आणि ते आपल्याच दोघांच्या खिशातून जातात.

फोनवर त्यांना एकच विनंती केली, "अण्णा, आम्ही येईपर्यंत सकाळी ट्रॅक्टर चालू करू नका." ही विनंती प्रत्येकानं करावी. गरम इंजिन कसंही चालू होतं. थंड इंजिन खरं बोलतं. गेल्या गेल्या आधी बॉनेट उघडून सायलेन्सरच्या बुडाशी हात लावायचा. कोमट लागला तर सकाळीच गरम करून ठेवलाय असं समजा. इथं थंडगार होता.

चालू करायच्या आधी तीन गोष्टी. रेडिएटरचं झाकण, थंड असतानाच, उघडून पाण्यावर ऑइलचा तवंग आहे का बघायचा. ऑइलची पट्टी काढून पुसून परत बघायची. काळं ऑइल चालतं, डिझेल इंजिनात ते काळंच होतं. दुधाळ नको, पाणी मिसळलंय. आणि पट्टीवरच्या खुणेच्या वर ऑइल नको, कारण ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात डिझेल किंवा पाणी उतरतंय. तिसरं, एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल. ज्यानं ती वाटी वेळेवर साफ केली त्यानं बाकीचंही बघितलेलं असतं. मालक कसा आहे हे मला त्या वाटीवरून कळतं. ह्यांची वाटी स्वच्छ होती.

मग सेल्फ मारायला सांगितला. दुसऱ्या झटक्याला चालू. सुरुवातीला पांढरा धूर आला, मिनिटाभरात गेला, तो थंडपणाचा. गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर कॉम्प्रेशन किंवा नोझल, नाहीतर आत पाणी जातंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टन-लायनरचा खर्च जवळ आलाय. काळा धूर ओझ्याखाली थोडा येतोच, पण नुसता रेस केला तरी ढग निघत असेल तर नोझल, पंप किंवा तुंबलेला एअर क्लीनर. काळ्याला मी कमी घाबरतो, निळ्याला जास्त. आणि इंजिन गरम झाल्यावर, चालू असताना, ऑइल भरायचं झाकण सैल करून बघायचं. तिथून फसफस वाफ दाबानं बाहेर येत असेल, झाकण उडत असेल, तर गॅस पिस्टनच्या बाजूनं खाली उतरतोय. धूर लपवायला जाड ऑइल टाकतात, पण ही फसफस सहसा लपत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे 10 पैकी 9 जण करत नाहीत. ट्रॅक्टर रानात घालून बघणं. अंगणात दोन गिरक्या मारल्या म्हणजे ट्रायल झाली असं आपल्याकडं समजतात. आम्ही म्हटलं, डिझेलचे पैसे आमचे, तासभर नांगर चालवू. अण्णा क्षणभर गप्प बसले, मग म्हणाले, "माझंच दोन एकर नांगरायचं राहिलंय, चला." जो तासभर रानात घालू देत नाही त्याचा ट्रॅक्टर घेऊ नका, मग कारण काहीही सांगो.

पल्टी नांगर जोडला. पहिला अर्धा तास काही कळत नाही. ऑइल पातळ झालं, गिअरबॉक्स तापला की मग दुखणं बाहेर पडतं. तासाभरानं तिथंच उभा करून इंजिन हळू ठेवलं आणि ऑइल प्रेशरचा काटा बघितला. थंड असताना प्रत्येकाचा काटा छान असतो. गरम इंजिन, हळू रेस, आणि तेव्हा काटा खाली बसला किंवा लाल दिवा लुकलुकला, तर बेअरिंग नाहीतर ऑइल पंप गेलाय. इथं काटा थोडा उतरला, बसला नाही.

लिफ्ट पण ह्याच वेळी बघायची, थंड ऑइलवर नाही. नांगर पूर्ण वर उचलून इंजिन बंद केलं आणि घड्याळ लावलं. (खाली हात-पाय घालू नका, लहान पोरं जवळ येऊ देऊ नका.) नांगर 5 मिनिटांत जमिनीला टेकला तर आत सील किंवा व्हॉल्व्ह लिक आहे. इंजिन चालू असताना उचललेलं अवजार दर थोड्या वेळानं उचकी लागल्यासारखं हलत असेल तर तेच कारण. ह्यांच्या ट्रॅक्टरला उचकी होती. उसाच्या ट्रॅक्टरला लिफ्टचं काम फार नसतं, मग बिघडलेली लिफ्ट मालकाच्या लक्षातही येत नाही. बरोबर आमचा मिस्त्री होता, त्यानं किट आणि मजुरी धरून 12 हजार सांगितले. अण्णांनी वाद घातला नाही.

क्लच बघायची पद्धत साधी आहे. सपाट जागी दोन्ही ब्रेक दाबून धरायचे, वरचा गिअर टाकायचा, क्लच हळू सोडायचा. इंजिन दबून बंद पडलं तर क्लच पकडतोय. इंजिन चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ब्रेक दोन्ही वेगवेगळे दाबून बघा, कारण उसवाल्यांचे पायडल कायम कडीनं जोडलेले असतात आणि एका बाजूचा ब्रेक गेलेला कळत नाही. उतारावर ॲक्सिलेटर सोडून गिअर सुटतो का बघा. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली, आडवं हलवा, किंग पिन आणि बुश कळतील. इथं बुश गेले होते, पण ते काय फार नाही.

टायरवर अंडाकार चौकटीत चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालातला 23 वा आठवडा. नक्षी शाबूत दिसते पण रबराला बारीक चिरा पडलेल्या असतात, असा टायर ट्रॉलीखाली फुटतो. मागच्या 13.6-28 च्या जोडीचा आजचा भाव आपल्या दुकानात विचारूनच सौद्याला जा.

मशीन ह्या हिशेबानं पास होतं. पण खरा प्रश्न कागदाचा होता.

आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव, आणि 1 लाख 35 हजार बाकी. अण्णांनी हे स्वतःहून सांगितलं. एजंट असता तर "नील आहे, एनओसी आठ दिवसांत" म्हणाला असता. आपल्याकडं अशा वेळी काय होतं? ओळखीचा माणूस असतो, स्टँपवर नोटरी करतात, पैसे देतात आणि ट्रॅक्टर घेऊन येतात. विकणारा त्या पैशातून दुसरंच देणं भागवतो. हप्ता तसाच राहतो. मग एक दिवस वसुलीवाले तुमच्या दारातून ट्रॅक्टर घेऊन जातात, आणि तुमच्या हातात नोटरी राहते.

हे उलट्या बाजूनंही तेवढंच वाईट आहे. आरसी ज्याच्या नावावर, तोच कायद्यानं मालक. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या खटल्यात हेच सांगितलंय, गाडी पुढं कितीही हातांत गेली तरी नोंद ज्याच्या नावावर राहिली तो अपघाताच्या भरपाईला जबाबदार. रात्री ट्रॉलीला मागून कुणी धडकलं तर नोटीस विकणाऱ्याच्या घरी जाते. म्हणून विकणाऱ्यांनो, नाव बदलून देणं हे तुमच्याच गरजेचं आहे, घेणाऱ्यावर उपकार नाहीत.

आम्ही असं केलं. अण्णा, भाचा आणि मी, तिघं फायनान्सच्या शाखेत गेलो. कर्ज आज बंद करायचं तर किती, ते लेखी घेतलं. तेवढी रक्कम भाच्यानं त्यांच्या हातात न देता थेट कर्जखात्यात आरटीजीएसनं भरली, पावती दोघांनी ठेवली. त्याच दिवशी साधा लेखी करार केला, दोन साक्षीदारांच्या सह्या. एनओसी आणि फॉर्म 35 यायला 11 दिवस लागले. मग बोजा उतरवायचा अर्ज आणि नाव बदलायचे फॉर्म 29 व 30. दोघंही एमएच-45 चे, त्यामुळं दुसऱ्या आरटीओच्या एनओसीची, म्हणजे फॉर्म 28 ची भानगड नव्हती. उरलेले पैसे आरटीओत अर्ज दाखल झाल्यावर तिथंच दिले.

सौदा 3 लाख 45 हजारांना झाला. भाच्याला आणखी 20 हजार पाडायचे होते. "मामा, त्यांना गरज आहे, देतील ते." मला माहीत होतं देतील ते. पण मिस्त्रीनं सांगितलेला खर्च वजा करून आम्ही भाव बोललो होतो, त्याच्या खाली जायचं म्हणजे ट्रॅक्टरचा भाव नाही, त्यांच्या मुकादमाचा भाव लावल्यासारखं होतं. मी नाही म्हटलं. भाचा दोन दिवस फुगून होता.

राहिलेले कागद थोडक्यात. चेसिस नंबर कापडानं पुसून, बोटानं चाचपून आरसीशी जुळवा. ग्राइंडरच्या खुणा किंवा आकड्यांच्या ओळी वाकड्या दिसल्या तर तिथंच थांबा. इंजिन नंबरही जुळवा. इंजिन बदललं असेल तर ती नोंद आरसीवर हवी. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, बोजा दिसतो. नोंदणी 15 वर्षांची असते, नंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण. 14 वर्षांचा ट्रॅक्टर स्वस्त मिळतो तो उगाच नाही. अनुदानावर घेतलेला असेल तर ठराविक वर्षं विकणार नाही असं हमीपत्र दिलेलं असतं, ती मुदत संपलीय का विचारा. विमा नावावर करून घ्यायला सौद्यापासून 14 दिवस असतात. 50 एचपीच्या वरचा आणि 2023 नंतरचा असेल तर तो ट्रेम-4 चा, त्यात इलेक्ट्रॉनिक्स जास्त, गावातल्या मिस्त्रीच्या भरवशावर घेऊ नका, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून बघा.

आणि तो वाळूचा. विनापरवाना वाळू वाहताना महसूलवाले ट्रॅक्टर जप्त करतात, दंडाची नोटीस मालकाला येते. त्या दंडाच्या भानगडीतला ट्रॅक्टर स्वस्तात फिरत असतो. ॲपवर ते दिसेलच असं नाही. विकणाऱ्याच्या गावात तलाठ्याकडं, तहसीलमध्ये एक चक्कर मारा. गावातल्या चहाच्या टपरीवर त्याहून लवकर कळतं.

ट्रॉली सोबत घेणार असाल तर तिची आरसी वेगळी असते, ती मागा. अण्णांच्या दोन ट्रॉल्यांपैकी एकीचेच कागद होते, आम्ही तीच घेतली. आणल्यावर पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, दोन्ही डिझेल फिल्टर, हायड्रॉलिक ऑइल आणि लिफ्टचं किट बदललं, बुश टाकले, ट्रॉलीला मागून लाल रिफ्लेक्टर पट्ट्या लावल्या. सगळे मिळून 26 हजार गेले. चिखलणीतून आलेला ट्रॅक्टर कुणी वापरत असाल तर हबच्या कामाला किती खर्च आला ते खाली लिहा, एकाला उत्तर द्यायचं राहिलंय.